गाडीचे दोन्ही उंबरे एकदम उसवल्याबद्दल

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे आठांपैकी तीन-चारच अंगं जमिनीला टेकताहेत, बाकीची टेकली असं समजून घे.) तुझा गुडघा काय म्हणतोय? वहिनींनी दाढ काढली, की अजून लवंगेवरच दिवस ढकलताहेत? त्यांना म्हणावं, एकदाच काय ते दुखून जाऊ दे, रोजचं कण्हणं नको. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. हा ‘बरे’ शब्द मी पूर्ण विचार करून लिहिलाय. आप्पा धडधाकट आहेत, दार उघडलं, कुणालाही भाजलं नाही, आणि बंब आला तसा परत गेला. आता तू म्हणशील, कुठलं दार आणि कसला बंब? तेच सांगायला बसलेय. गेले काही दिवस तुझा फोन उचलला नाही त्याचंही कारण तेच. फोनवर तू पहिल्या वाक्यालाच ‘मी तुला सांगितलं होतं’ म्हणून सुरू होतोस आणि मग माझं सांगायचं राहून जातं. कागदावर तुला शेवटपर्यंत गप्प बसावं लागतं, हा कागदाचा मोठा गुण आहे. तरी तुझ्या जिवाला शांतता मिळावी म्हणून आधीच लिहून टाकते: तुझं बरोबर होतं. हे वाक्य पुन्हा मिळणार नाही, तेव्हा पाहिजे तर कापून ठेव.

सुरुवातीपासून सांगते, कारण वहिनी हे पत्र तुझ्या खांद्यावरून वाचणार आणि त्यांना आपण अर्धवट सांगितलेलं असणार. आप्पा न्हाणीघरात दुसऱ्यांदा घसरले तेव्हा तू आणि मी दोघांनी मिळून त्यांना विनवलं की आता एकटं राहणं पुरे, माझ्याकडे चला. त्यावर त्यांनी आठवडाभर विचार केला आणि मग अट घातली. ‘येईन तर माझ्या गाडीतून येईन, मी स्वतः चालवत येईन, आणि ती तिच्या चाकांवर येईल, कुणाच्या दोराला बांधून नाही.’ आता ती गाडी म्हणजे तुझ्यामाझ्या आधीपासून घरात असलेली. आईशी लग्न ठरलं तेव्हा तिला दाखवायला नेली ती हीच. एके काळी आरशासारखी होती, पण शेडमध्ये ओल धरून धरून खालून पार सडली. तरी आप्पांना वाटत होतं की वरून पुसली की झाली नवी. तपासणीच्या कचेरीतला साहेब आला, त्याने दाराखालच्या लांब पोकळ पट्टीवर बोट ठेवलं, आणि बोट आत गेलं. (मिस्त्री लोक त्या पट्टीला काहीतरी वेगळंच म्हणतात. दाराखाली असते, पाय ओलांडून आत जावं लागतं, म्हणून मी तिला उंबरा म्हणते.) साहेबाने बोट बाहेर काढलं, रुमालाला पुसलं आणि सांगितलं की दोन्ही उंबरे, पुढची दोन्ही मडगार्डं नि दाराचे पत्रे बदलल्याशिवाय ही गाडी रस्त्यावर दिसता कामा नये. म्हणजे गाडी नाही तर आप्पा नाहीत, आणि आप्पा नाहीत तर रोज फोन वाजला की माझ्या छातीत धस्स होणार, हा सगळा मामला होता. गाडीचं मला काडीचं कौतुक नव्हतं, मला माझे आप्पा माझ्या घरात पाहिजे होते.

तेव्हा तू पत्र पाठवलंस की हे काम जाणत्या माणसाकडे दे, स्वतः हात घालू नकोस, तुझं काम कापडाचं. दादा, हे शेवटचं वाक्य तू लिहायला नको होतंस. चारचौघांच्या बायका, त्यांचे नवरे, दोन शाळांची अख्खी पोरं माझ्या हातचं घालून फिरतात. फाटलेलं, आखडलेलं, उंदराने खाल्लेलं, सगळं माझ्याकडे येतं आणि माणसात जातं. पत्रा म्हणजे शेवटी काय, जरा जाडं कापडच की. (तू आत्ता मान हलवलीस. दिसलं मला.) तरीही मी तुझा मान ठेवून आधी जाणत्या माणसाकडे गेले होते, हे तुला कुणी सांगितलं नसेल. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून पत्र्याचं काम करणारे एक मिस्त्री आहेत. सगळा गाव त्यांना ‘सावकाश मिस्त्री’ म्हणतो आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. मिशी काळीभोर रंगवलेली, शर्टाला इस्त्री, आणि काम दाखवायच्या आधी फोटोंचा अल्बम दाखवतात. लोक नातवंडांचे फोटो दाखवतात तसे ते गाड्यांचे दाखवतात. ही आली तेव्हा अशी होती, बघा, आणि गेली तेव्हा अशी. मी सगळा अल्बम बघितला, वा वा म्हटलं, आणि विचारलं की आमची कधी घ्याल? तर म्हणाले, बघू. बघू म्हणजे कधी बघू? तर म्हणाले, बाई, गाडी काय पळून चाललीय का? मी म्हटलं, गाडी नाही हो, माणूस घसरतंय. त्यावर त्यांनी मला चहा पाजला आणि अल्बम पहिल्यापासून उघडला.

झालं, माझं डोकं फिरलं. तयार पत्रे मागवले, मोठ्या लाकडी खोक्यातून आले, आणि रोज दुकान बंद केलं की मी आणि आमचे हे स्कूटरवरून आप्पांकडे जायला लागलो. आमच्या ह्यांचं तुला माहीतच आहे, उभी हयात आगीच्या बंबावर गेली. निवृत्त झाले तरी घरात काडी ओढली की ह्यांचा हात बादलीकडे जातो. गेटं-जाळ्या बनवणाऱ्याकडून मी वेल्डिंगचं यंत्र भाड्याने आणलं, त्याच्याचकडे बसून दोन दुपारी शिकून घेतलं, तर हे शेडच्या चारी कोपऱ्यांत वाळूच्या बादल्या मांडून, ओलं घोंगडं खांद्यावर टाकून उभे. मी ठिणगी पाडायची आणि ह्यांनी वाळू फेकायची. मी म्हटलं, अहो, ठिणगी पडल्याशिवाय जोड कसा बसेल? तर म्हणाले, तुझा जोड तू बघ, माझी आग मी बघतो. पहिले काही दिवस आम्ही असे बघतच होतो. नंतर त्यांना मीच समजावलं की वाळू निदान माझ्या डोक्यावर तरी टाकू नका. आप्पा कोपऱ्यात खुर्ची टाकून बसत आणि हा सगळा तमाशा बघून इतके हसत की त्यांना ठसका लागे. आई गेल्यापासून ते असे हसलेले मी ऐकले नव्हते. जेवायलाही लागले. पूर्वी अर्धी पोळी टाकणारा माणूस, आता डबा उघडला की विचारायचा, आज एवढंच?

आणि दादा, मी तुला सांगते, सुरुवात मी झकास केली. जुन्या पत्र्यांवर खाकी कागद लावून मी एकेक भाग रेखून घेतला, जसा कोटाचा नमुना काढते तसा. गाडीच्या आतल्या जमिनीला भोक पडलं होतं तिथलं ठिगळ स्वतः कापलं. कापताना शिलाईसाठी बोटभर माया सोडतो तशी पत्र्यालाही सोडली, आणि ते ठिगळ असं बसलं की आप्पा खुर्चीवरून उठून बघायला आले. मग डावं मडगार्ड. ते नुसतं बोल्टवर असतं, वेल्डिंगचा संबंधच नाही. जुनं सोडवलं, नवं लावलं, बोल्ट आधी सैल ठेवले, दाराशी फट सारखी आल्यावर मग आवळले. आमचे हे फटीतून दोरा फिरवून बघत होते, कुठे अडकला नाही. झालं! मी चढले हरभऱ्याच्या झाडावर. मला वाटायला लागलं की हे मिस्त्री लोक उगाचच भाव खातात. जोड देताना पातळ पत्र्याला भोकं पडत होती ती गोष्ट वेगळी. एक भोक बुजवायला गेलं की शेजारी दुसरं, आणि ते बुजवायला गेलं की हे वाळू घेऊन हजर. पण मी म्हटलं, हा कच्चा टाका आहे, पक्की शिलाई नंतर.

मग आले उंबरे. आता नीट वाच, कारण चूक इथे आहे. आमच्या धंद्यात झगा बाजूने सैल किंवा घट्ट करायचा असेल तर शहाणी बाई काय करते? दोन्ही बाजू एकदम उसवते. एकच बाजू उसवून बसलात की एक खांदा वर, एक खाली, आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करून परत. हे मी शिकाऊ होते तेव्हापासून पाठ आहे. तेव्हा गाडी पुढून नि मागून टेकू द्यायच्या लोखंडी घोड्यांवर चढवली, दारं लावली, कापायचं यंत्र घेतलं आणि डावा उंबरा पूर्ण काढला. मग पलीकडे जाऊन उजवाही काढायला लागले. आप्पा तेव्हा खुर्चीवर नव्हते. त्यांना संध्याकाळी थोडा वेळ गाडीत, स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून बसायची सवय लागली होती, तसे ते आत बसले होते. मी म्हटलंही, आप्पा, आवाज होईल हो, बाहेर या. तर म्हणाले, तू काप, मी बसतो. उजव्या उंबऱ्याचा शेवटचा तुकडा सुटला आणि गाडीने एक आवाज केला. फार मोठा नाही. म्हातारा माणूस खाली बसताना करतो तसा. मधोमध ती जराशी खचली. मला काही ते दिसलं नाही, मी घाम पुसला, यंत्र बंद केलं आणि म्हटलं, उतरा आप्पा, चहा आणलाय. आप्पांनी आतून दाराची मूठ फिरवली. दार हलेना. मी बाहेरून ओढलं. हलेना. पलीकडे धावले, ते दार ह्यांनी पाय लावून ओढलं, तेही हलेना. गाडीला दारंच दोन. आणि आप्पांच्या बाजूची काच अर्ध्यापर्यंतच खाली येते, पलीकडची तेवढीही नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

दादा, खोटं कशाला सांगू, मी गाडीभोवती नुसत्या चकरा मारायला लागले. एवढा आटापिटा कशासाठी, तर आप्पा कुठे पडू नयेत, अडकू नयेत, आणि मीच त्यांच्याखालची गाडी कापून त्यांना आत कोंडून ठेवलं होतं. आणखी खचली तर? वरचा पत्रा खाली आला तर? तुला काय तोंड दाखवू, हेही मनात आलं. मी ह्यांच्याकडे बघितलं, तर ह्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं होतं की विचारू नकोस. निवृत्त झाल्यापासून हे ज्या क्षणाची वाट बघत होते तो आला होता. फोन लावला आणि पाच-पंचवीस वर्षं जिथे काम केलं तिथल्या आपल्या जुन्या पोरांना म्हणाले, माणूस अडकलाय, मोठी कात्री घेऊन या. ही कात्री म्हणजे अपघातात चेपलेली गाडी कापून माणूस काढतात ती. लोणी कापावं तसा खांब कापते. मी काचेच्या अर्ध्या फटीतून आप्पांना चहा दिला, बिस्किटं दिली, संध्याकाळची गोळी दिली. आप्पा सगळं शांतपणे घेत होते. रेडिओ लावून मागितला. मला ती शांतता बघून जास्तच रडू येत होतं.

बंब आला तो भोंगा वाजवत, सगळी गल्ली गोळा करत. सहा धिप्पाड माणसं उतरली, ह्यांना सलाम ठोकला आणि कात्री उघडून डाव्या दाराकडे निघाली. ते दार, दादा! मी चार संध्याकाळी घासून नवा पत्रा चढवलेला, कडा वळवलेलं, माझ्या हातचं दार! एका क्षणात मी टेप गळ्यात तशीच दारासमोर हात पसरून उभी राहिले. हे म्हणतात, बाजूला हो, माणूस महत्त्वाचा की पत्रा? मी म्हटलं, माणूसच महत्त्वाचा, पण माणूस आत चहा पितोय, पाच मिनिटं थांबलात तर काय बिघडतं? आमचं असं जुंपलं की कात्रीवाला बिचारा कधी ह्यांच्याकडे बघी, कधी माझ्याकडे. तेवढ्यात आतून आप्पांचा आवाज आला. आपण लहान असताना जो आवाज ऐकला की पुस्तक आपोआप उघडायचं, तो. म्हणाले, ‘ह्या गाडीला कुणी कात्री लावली तर मी उतरणारच नाही. जा, ही सांगते त्या मिशीवाल्याला बोलावून आणा.’

एक माणूस बंब घेऊन सावकाश मिस्त्रींकडे गेला. मला वाटलं होतं आता उजाडतंय, पण बंबात बसायला मिळणार म्हटल्यावर मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदा धावत निघाले. पुढच्या सीटवर बसून, भोंगा स्वतःच्या हाताने वाजवत आले. उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं. मग सरळ झाले, माझ्याकडे बघितलं, आणि हसायला जे लागले ते खाली बसले. बसून हसले. बाई, दोन्ही? दोन्ही एकदम? असं म्हणत पुन्हा हसले. मग मांडीवर थापा मारत त्यांनी मला सांगितलं की जुन्या गाडीचा सगळा भार ह्या उंबऱ्यांवर असतो, आधी आतून आडव्या-उभ्या काठ्या जोडून गाडी ताठ धरायची, मग एक बाजू काढायची, ती पूर्ण बसवायची, आणि मगच दुसरीला हात लावायचा. मी म्हटलं, झग्याला असं नसतं. ते म्हणाले, झगा आत माणूस घेऊन घोड्यांवर चढवत नाहीत. (इथे बंबवालेही हसले. आमचे हे हसले नाहीत, पण त्यांनी तोंड फिरवलं.) मग मिस्त्रींनी गाडीच्या पोटाखाली बरोबर मधोमध आडवी जाड फळी घातली, त्याखाली जॅक लावला आणि अगदी हळूहळू उचलायला लागले. कुठेतरी खट् झालं, आणि डावं दार आपसूक चार बोटं उघडलं. कुणी हातही लावला नव्हता. मी तिथेच वाळूच्या बादलीवर बसले आणि मोठमोठ्याने रडले. सुटले बाई एकदाची, असं नुसतं होत होतं.

आणि आप्पा? आप्पा उतरेनात. म्हणाले, बातम्या संपू दे. मग सगळे गेल्यावर, आम्ही दोघंच शेडमध्ये होतो तेव्हा, त्यांनी उरलेलं बिस्किट चहात बुडवलं आणि म्हणाले, मला ठाऊक होतं ती खचणार. मी म्हटलं, काय? तर म्हणाले, तू दुसरा उंबरा कापायला घेतलास तेव्हाच ठाऊक होतं. पडणार नव्हती, फार तर कंबरेत वाकणार होती, माझ्यासारखी. मी म्हटलं, आप्पा, मग बोलला का नाहीत? तेव्हा त्यांनी गाडीच्या खिडकीबाहेर बघितलं. म्हणाले, ‘गाडी झाली असती तर मला इथून निघावं लागलं असतं. आणि तू रोज येतेस ते बंद झालं असतं.’ दादा, मला इतका राग आला, इतका राग आला, की मी त्यांना बोलायला तोंड उघडलं आणि त्यांच्या कोटाचं सुटलेलं बटण दिसलं, तर तेच शिवायला बसले. मला तेव्हा कुठे कळलं की त्यांना गाडी नको होती, घर सोडायची भीती वाटत होती. मी त्यांना सरळ सांगितलं, आप्पा, गाडी होवो न होवो, रोज येऊन माझी कंबर मोडली, मला तुम्ही घरात हवे आहात. त्यांनी बटण घट्ट झालं का ते ओढून बघितलं फक्त.

पण दुसऱ्या दिवशी गंमत झाली. मिस्त्रींनी गाडी ट्रकवर चढवून आपल्या गॅरेजात नेली. (आप्पांची ‘दोराला बांधून नाही’ ही अट मोडली नाही. ट्रकवर बसलेली गाडी म्हणजे पाहुणी, असं त्यांनीच ठरवलं.) गॅरेज माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. आप्पा म्हणाले, ह्या मिशीवाल्यावर माझा विश्वास नाही, कुणीतरी रोज लक्ष ठेवायला हवं. आणि ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर पिशवी नि रेडिओ घेऊन, आले की आमच्याकडे! तुझ्या माझ्या विनवण्यांनी जे झालं नाही ते मिस्त्रींवरच्या अविश्वासाने झालं. आता मधल्या खोलीत त्यांची खाट टाकलीय. न्हाणीघरात ह्यांनी तीन दांडे ठोकलेत, बंबाच्या शिडीला असतात तसले, हत्ती धरला तरी निघणार नाहीत. आप्पा दिवसभर गॅरेजात बसून मिस्त्रींना सूचना देतात, संध्याकाळी दुकानात येऊन माझ्या काजांना नावं ठेवतात, आणि ताटावर बसले की मागून मागून खातात. मी शांत झोपते, दादा. फोन वाजला की आता नुसता फोन वाजतो.

मिस्त्रींनी उंबरे मात्र काय बसवलेत, बघत राहावं. जोड कुठे आहे ते हाताला लागत नाही. माझी सगळी कच्ची शिलाई त्यांनी निर्दयपणे उसवली, तेवढं जमिनीचं ठिगळ तसंच ठेवलं आणि म्हणाले, माया बरी सोडलीत. माझे खाकी कागदही मागून घेतले. तेव्हा आता तात्पर्य ऐक, आणि शेजारीपाजारी कुणाला जुन्या गाडीची हौस असेल तर त्यालाही सांग: आपल्याला येतं ते आपण करावं, ज्याला गाडी ताठ धरायची कशी ते कळतं त्याला पैसे देऊन मोकळं व्हावं, आणि धाकट्या बहिणीला ‘तुझं काम कापडाचं’ असं पत्रात कधी लिहू नये. मी पुन्हा पत्र्याला हात लावणार नाही. तूही लावू नकोस. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला शेक.

तुझी,
उसवून शहाणी झालेली धाकटी

ता. क. वर लिहिलेलं सगळं खरं, पण एक अडचण झालीय. आप्पा म्हणतात की हे येणं धरायचं नाही. आपली अट गाडीतून येण्याची होती, आपण तर स्कूटरवरून आलो, तेव्हा गाडी झाली की ती घेऊन आधी आपल्या घरी जाणार, आणि मग पुढचं बघणार. आणि मिस्त्रींना, ज्यांनी जन्मात कुणाचं काम वेळेत दिलं नाही, आप्पांची अशी कटकट झालीय की ते जीव तोडून गाडी संपवायला लागलेत! परवा सकाळी मी दुकान उघडायच्या आधी त्यांच्या हातोडीचा आवाज आला. म्हटलं, मिस्त्रींना जरा अडवायला हवं. मी जाऊन त्यांचा अल्बम मागितला, तर म्हणाले, वेळ नाही.

ता. क. दुसरं. म्हणून खरी विनंती आता लिहिते. रंग सोडला तर गाडीचं एकच काम उरलंय, उजवं पुढचं मडगार्ड. मी मिस्त्रींना हात जोडून सांगितलंय की त्याला शिवू नका, ते आमच्या दादाच्या हातून लागायचंय, आमच्या घरची तशी पद्धत आहे. (नाहीये. पण त्यांना काय माहीत.) तू रजा काढ आणि ये. पाना कसा धरायचा हे तुला माहीत नाही याची मला खात्री आहे, म्हणून तर तुला बोलावतेय. लहानपणी सायकलची साखळी बसवायला घेतलीस आणि सायकल कायमची गेली, तो हात मला हवाय. जितके दिवस लागतील तितके लागू देत. आप्पा म्हणतीलच की उलटं धरलंयस, म्हणू देत. तुझ्यामुळे गाडी अडली तर ते तुला काही बोलणार नाहीत, माझी आणि मिस्त्रींची मात्र सालं काढतील. एकच घोटाळा आहे, त्या मडगार्डाचे बोल्ट सापडत नाहीयेत. मिस्त्री म्हणतात, डब्यात ठेवले होते, डबाच नाही. तिकडे तसले मिळाले तर आण, न मिळाले तर उत्तमच.

ता. क. तिसरं, दुसऱ्या हाताचं. चिरंजीव, ही गिऱ्हाइकात गुंतली म्हणून पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. चिकटवलेलं नव्हतं, म्हणून वाचलं. हिला वाटतं मला काही कळत नाही. इथली मधली खोली बरी आहे, उजेड चांगला येतो. डबा माझ्या खाटेखाली आहे, जुन्या चपलांच्या मागे. तिथे ही झाडू मारत नाही. तू बोल्ट आणू नकोस. नुसता ये.

आप्पा